इटालियन ‘फारे’: करणे, करवणे आणि अधूनमधून फजिती

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा महिने इटालियन शिकतेय, ए-टू लेव्हलची परीक्षा द्यायचीय, आणि ‘फारे’ या एका क्रियापदानं डोकं उठवलंय. डिक्शनरीत पानभर अर्थ, कधी मेक, कधी डू, कधी टेक, कधी आस्क, हवामानातही तेच, धंद्यातही तेच, आणि ‘दुए आन्नी फा’ म्हणजे दोन वर्षांपूर्वी, तर त्यातला ‘फा’ हाच का दुसरा कोणी? हे सगळं पाठ करायचं का?

नाही. पाठ करायला बसलात तर परीक्षा होऊन जाईल आणि यादी अर्धीच राहील. मी वीसेक वर्षं पुण्यात इटालियन शिकवतेय आणि मधल्या काळात कारखान्यांमध्ये दुभाष्याचं काम पण पुष्कळ केलंय, त्यामुळे वर्गातलं इटालियन आणि मशीनच्या आवाजात ओरडून बोललेलं इटालियन दोन्ही ऐकून कान तयार झालेत. त्यावरून सांगते.

आधी ते मेक आणि डू डोक्यातून काढून टाका. आपली सगळ्यांची सवय अशी की कुठलीही परकी भाषा इंग्रजीच्या खिडकीतून बघायची, कारण पुस्तकं इंग्रजीत, ॲप इंग्रजीत. त्या पुस्तकांत फारेवर दोन पानं खर्च केलेली असतात कारण इंग्रज माणसाला हे एक क्रियापद दोन खणांत टाकावं लागतं. आपल्याला कशाला? आपण चहा पण करतो आणि अभ्यास पण करतो. फारे इल ते, फारे इ कोम्पिती. झालं. नाश्ता करणे फारे कोलात्सिओने, दाढी करणे फारे ला बार्बा, संप करणे फारे शोपेरो, घाई करणे, म्हणजे ‘लवकर कर’ ला ‘फाइ प्रेस्तो’, शब्दाला शब्द. मराठीतून थेट गेलात तर निम्मं फारे तुम्हाला आधीच येतंय.

रूपं एकदाच नीट घोटून घ्या: फाच्चो, फाइ, फा, फाच्चामो, फाते, फान्नो. यातला च हा चहातला च आहे, चमच्यातला नाही. (चमच्यातला च पण इटालियनमध्ये आहे बरं का, पित्सामध्ये आणि कोलात्सिओनेमध्ये तोच, फक्त तो वेगळ्या अक्षरानं लिहितात. हे दोन च आपल्या तोंडात जन्मापासून आहेत, त्याचा फायदा घ्या.) आणि च जोडाक्षर म्हणून दाबून म्हणा, ‘फाचो’ म्हणलं की लगेच कळतं नवीन आहे. आता विद्यार्थी विचारतात की मूळ रूप फारे तर भूतकाळात ‘फाचेवो’ कुठून आलं, ‘फावो’ का नाही. कारण लॅटिनमध्ये हे क्रियापद ‘फाकेरे’ होतं, इटालियनमध्ये मूळ रूप आखडलं पण बाकीच्या रूपांत ते जुनं ‘फाच’ तसंच राहिलं: फाचेवो, फाचेन्दो. म्हणजे अनियमित वगैरे काही नाही, म्हातारं आहे इतकंच.

या म्हाताऱ्याची पोरं तुमच्या घरात पण आहेत. फॅक्टरी, फॅक्ट, प्रॉफिट, ऑफिस, सगळी त्याच लॅटिन क्रियापदाची. फॅक्स सुद्धा, कारण फॅक-सिमिले म्हणजे ‘सारखं कर’. आणि संस्कृतवाल्यांसाठी एक गंमत: भाषाशास्त्राप्रमाणे लॅटिन फाकेरेचं नातं आपल्या ‘कृ’शी नाही तर ‘धा’ धातूशी आहे, विधान, संधान यातला धा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा उगाचच फार आनंद झाला होता.

आता जिथे मराठी वाट सोडते तिथे येऊ. मराठीत आपण करणे सोडून बरीच छोटी छोटी क्रियापदं कामाला लावलीत, काढणे, मारणे, टाकणे, लावणे, पडणे, आणि इटालियन माणूस त्या सगळ्यांच्या जागी एकटं फारे घालतो. फोटो आपण काढतो, तो करतो, फारे उना फोतो. तिकीट काढतो, फारे इल बिल्येत्तो. चक्कर मारतो, फारे उन जिरो. गप्पा मारतो, फारे दुए क्याक्येरे. जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला जातो, फारे दुए पास्सी, दोन पावलं करणे. पेट्रोल टाकतो, फारे बेन्झिना, आणि टाकी फुल करायची तर फारे इल प्येनो. रांगेत उभं राहतो, फारे ला फिला. प्रश्न विचारतो, फारे उना दोमान्दा, आणि इथे सगळे चुकतात, ‘विचारणे’ ला दोमान्दारे शब्द आहे म्हणून ‘दोमान्दारे उना दोमान्दा’ म्हणून मोकळे होतात. स्वप्न आपल्याला पडतं बिचारं आपोआप, इटालियन माणूस मात्र तेही स्वतः करतो, फारे उन सोन्यो. भाजी-किराणा आणणे फारे ला स्पेझा, आणि कपडे, चपला अशी खरेदी असेल तर फारे स्पेझे किंवा सरळ फारे शॉपिंग. ‘मी स्पेझा करून येते’ म्हणून गेलेली बाई हातात कोथिंबिरीऐवजी पर्स घेऊन आली तर नवरा बुचकळ्यात पडेल.

उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. मराठीत कुठल्याही नामाला करणे चिकटवलं की क्रियापद तयार, मदत करणे, फोन करणे, मेसेज करणे, सही करणे, सुरू करणे, बंद करणे, साफ करणे, सगळं करणे. इटालियनमध्ये यातलं बहुतेक फारेनं होत नाही. मदतीला आयुतारे, फोनला तेलेफोनारे किंवा क्यामारे (‘फारे उना तेलेफोनाता’ पण चालतं), मेसेज ‘पाठवायचा’ असतो, मान्दारे, सहीला फिर्मारे, साफ करायला पुलीरे. दिवा बंद करायला स्पेन्येरे आणि दार बंद करायला क्युदेरे, दोन वेगळी. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे प्रेम करणे. माझ्या वर्गात एकानं निबंधात मोठ्या अभिमानानं ‘मी माझ्या देशावर प्रेम करतो’ असं लिहायला जाऊन ‘फाच्चो लामोरे कोन इल मियो पाएझे’ लिहिलं होतं. फारे लामोरे म्हणजे शरीरसंबंध. देशाबरोबर. मी तपासताना हसले पण त्याला ओरडले नाही, कारण मराठीतून विचार केला तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. प्रेमाला आमारे, आणि आई, मित्र, भाऊ यांना ‘ती वोल्यो बेने’ म्हणायचं, ‘ती आमो’ हे शक्यतो जोडीदारापुरतं ठेवा.

हवामान. फा काल्दो, फा फ्रेद्दो, के तेम्पो फा. इंग्रजीवाले इथे विचारतात की हे ‘करतंय’ कोण? अहो आपण तरी कुणाचं नाव घेतो? उकडतंय, गारठलंय, उजाडलं, सांजावलं. कर्ता नाहीच. फा जोर्नो म्हणजे उजाडतंय, फा बुयो म्हणजे अंधार पडतोय. फक्त ‘मला उकडतंय’ म्हणायचं असेल तर फारे सोडा आणि ‘ओ काल्दो’ म्हणा, म्हणजे माझ्याकडे गरमी आहे. ‘सोनो काल्दो’ म्हणू नका, त्याचा अर्थ भलतीकडे जाऊ शकतो.

आणि हो, दुए आन्नी फा मधला फा हाच. त्याचं मूळ ‘दोन वर्षं होतात’ या अर्थाचं वाक्य होतं, ‘फा दुए आन्नी’, आपण नाही का म्हणत, ‘त्याला आता दोन वर्षं झाली’. ते वाक्य वापरून वापरून झिजलं, फा मागे गेला आणि तिथेच गोठला. म्हणून तो आता बदलत नाही, वर्षं दोन असोत की दोनशे, ‘फान्नो’ होत नाही. एवढं लक्षात ठेवा की हा फा फक्त आत्तापासून मागे मोजतो. गोष्ट सांगताना ‘त्याच्या दोन दिवस आधी’ म्हणायचं असेल तर ‘दुए जोर्नी प्रिमा’. परीक्षेत हे हमखास विचारतात, सिएना विद्यापीठाच्या चिल्स परीक्षेत पण आणि पेरुजा विद्यापीठाच्या चेलीमध्ये पण.

हाच ‘होणे’वाला अर्थ दुकानात भेटतो. आपण विचारतो किती झाले? ते विचारतात क्वान्तो फा? दोन अधिक दोन ‘फा’ चार. आणि तोंडी बोलण्यात अजून एक फा आहे जो पुस्तकात सापडणार नाही पण ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या दोन बायकांच्या बोलण्यात दर मिनिटाला येईल: ‘ए लुई मी फा…’, म्हणजे ‘आणि तो मला म्हणतो कसा…’. तिथे फा म्हणजे म्हणणे. लिहिताना वापरू नका, ऐकलं तर दचकू नका.

आता मुख्य भाग, आणि तुमच्या प्रश्नात याचा उल्लेखच नाही म्हणून मी जरा पसरून लिहिणार आहे. फारेच्या पुढे दुसरं क्रियापद मूळ रूपात आलं की त्याचा अर्थ करणे राहत नाही, करवणे होतो. यालाच प्रयोजक म्हणायचं, शाळेत मराठी व्याकरणात केलेलं असतं आणि विसरलेलं असतं. मराठीत आपण क्रियापदाच्या पोटात एक व घालतो: हसणे-हसवणे, रडणे-रडवणे, कळणे-कळवणे. इटालियनमध्ये तो व म्हणजे फारे. रीदेरे हसणे, फार रीदेरे हसवणे (हे ‘फार’ म्हणजे फारेच, शेवट आखडलेलं). प्यांजेरे रडणे, फार प्यांजेरे रडवणे. सापेरे माहीत असणे, फार सापेरे कळवणे. म्हणून ‘फाम्मी सापेरे’ म्हणजे ‘मला कळव’, इतकं साधं, इंग्रजीतून लेट मी नो असं वळसा घालून यायची गरजच नाही. वेदेरे बघणे, फार वेदेरे दाखवणे. कादेरे पडणे, फार कादेरे पाडणे. मान्जारे खाणे, फार मान्जारे भरवणे. आस्पेत्तारे वाट बघणे, फार आस्पेत्तारे ताटकळत ठेवणे. मराठीत कधी व लागतो, कधी शब्दच बदलतो (पडणे-पाडणे), कधी दोन शब्द लागतात, त्यांच्याकडे एकच नियम सगळ्यांना. आपल्याहून सोपं आहे.

पण कुणाला करायला लावलं हे सांगताना कोणतं अक्षर लावायचं, तिथे गोची होते. नियम असा: काम ज्याच्याकडून करून घ्यायचं त्याला ‘आ’ लावतात किंवा ‘दा’ लावतात. आ म्हणजे आपला -ला. दा म्हणजे आपला -कडून. मेकॅनिककडून गाडी दुरुस्त करून घेतली, ‘ओ फात्तो रिपारारे ला माक्किना दाल मेक्कानिको’. मारियाला पुस्तक वाचायला लावलं, ‘ओ फात्तो लेज्जेरे इल लिब्रो आ मारिया’. आणि दुसरी कुठली वस्तूच नसेल, नुसतं मारियाला हसवलं असेल, तर काहीच लावायचं नाही, ‘ओ फात्तो रीदेरे मारिया’.

आता हा आ दुतोंडी आहे, कारण ‘मारियाला’ हे पत्र मिळणाऱ्या मारियाला पण लागू पडतं. ‘ओ फात्तो स्क्रीवेरे उना लेत्तेरा आ मारिया’ म्हणजे मारियाला पत्र लिहायला लावलं, की दुसऱ्याच कुणाकडून तरी मारियाला पत्र लिहवलं? दोन्ही होतं. मी यात स्वतः तोंडावर आपटलेय. सुरुवातीची वर्षं होती, एका कारखान्यात तोरिनोहून आलेला इंजिनियर लाइनवर काहीतरी ॲडजस्टमेंट बाकी आहे म्हणाला आणि पुढे म्हणाला ‘लो फाच्चो फारे आल कापोतुर्नो’. कापोतुर्नो म्हणजे शिफ्ट सुपरवायझर. मी घाईत ऐकलं ‘फाच्चो… आल कापोतुर्नो’ आणि सांगून टाकलं की साहेब म्हणतायत सुपरवायझरसाठी ते स्वतः करून देतील. खरं तर तो म्हणत होता सुपरवायझरकडून करून घेतो. दोन दिवस सुपरवायझर साहेबांची वाट बघत बसला आणि साहेब सुपरवायझरची. तिसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडे बघायला लागले. ते मधलं एक छोटं ‘फारे’, जे मी कानाआड केलं, त्यात सगळा घोटाळा. तेव्हापासून दोन फारे शेजारी शेजारी ऐकले की मी थांबून विचारते, कोण करणार? आणि जिथे शंका वाटेल तिथे बोलताना स्वतः दा वापरते.

अजून दोन गोष्टी याच भागातल्या. फारे आणि पुढचं क्रियापद यांच्यामध्ये वस्तू घुसवायची नाही. ‘फाच्चो ला माक्किना रिपारारे’ हे इंग्रजी इटालियन झालं. दोन्ही क्रियापदं एकमेकांना चिकटून, वस्तू नंतर. आणि मला, तुला, ते असले छोटे शब्द फारेलाच चिकटतात, पुढच्याला नाही: फाम्मी वेदेरे, मला दाखव. फाम्मेलो वेदेरे, ते मला दाखव. इथला म दुप्पट का झाला तर आज्ञा देताना फारेचं रूप नुसतं ‘फा’ असं तुटकं होतं आणि त्याच्या मागे आलेलं व्यंजन दाबून म्हटलं जातं, दाम्मी (मला दे) आणि दिम्मी (मला सांग) मध्येही तेच. मान द्यायचा असेल, म्हणजे बँकेत, डॉक्टरकडे, सासूबाईंशी, तर ‘मी फाच्चा वेदेरे’. हाच ‘फाच्चा’ शब्द चेहऱ्यालाही आहे, तो वेगळा, संदर्भावरून कळतो.

या फारेत ‘करू देणे’ पण बसतं. ‘फाम्मी पेन्सारे’, जरा विचार करू दे. बसमध्ये गर्दीत ‘मी फा पास्सारे?’, जरा जाऊ देता का. म्हणजे जबरदस्तीनं करायला लावणं आणि सोडून देणं, दोन्हीला एकच शब्द, सूर वेगळा. लाशारे हा खास ‘देणे’वाला शब्द आहेच, पण बोलताना लोक फारेवरच भागवतात.

मग ‘फार्सी’. इराणची भाषा नव्हे, फारेला ‘स्वतः’ जोडलेलं रूप. इथे मराठीतलं ‘घेणे’ आठवा. केस कापून घेतो, ‘मी फाच्चो ताल्यारे इ कापेल्ली’. दुसऱ्याकडून, पण स्वतःसाठी. मराठीत घेणे आणि देणे यांनी जो फरक होतो, कापून घेतो, कापून देतो, तो त्यांच्याकडे या ‘मी’ नं होतो. मला लागलं, ‘मी सोनो फात्तो माले’, बाई असेल तर ‘फात्ता’. डोकं दुखतंय, ‘मी फा माले ला तेस्ता’, पण पाय दुखतायत म्हणताना ‘मी फान्नो माले इ प्येदी’, कारण पाय दोन. उशीर झाला, ‘सी ए फात्तो तार्दी’. बरेच दिवस गायब असलेल्या मित्राला ‘फात्ती वीवो’, शब्दशः ‘जिवंत हो’, म्हणजे आहेस कुठे, तोंड दाखव. एक सूचना, ‘सी फा’ एवढंच कुणाबद्दल म्हटलं तर तो नशा करतो असा अर्थ निघतो, तेव्हा वाक्य अर्धवट सोडू नका.

जमणे आणि झेपणे याला ‘फार्चेला’. चे ला फाच्चो, जमतंय मला. नोन चे ला फाच्चो प्यू, आता नाही झेपत. यातला ला म्हणजे नक्की काय हे विचारू नका, कुणालाच नीट सांगता येत नाही, पण तो स्त्रीलिंगी आहे हे लक्षात ठेवा कारण भूतकाळात त्याच्यामुळे ‘चे लो फात्ता’ होतं, बोलणारा पुरुष असला तरी फात्ताच.

धंद्याबद्दल. काय करतोस? के लावोरो फाइ? फाच्चो इल कुओको, मी स्वयंपाकी आहे. इथे इल किंवा ला हवंच. आणि याच साच्यात ‘सोंग घेणे’ पण येतं: फारे इल फुर्बो, जास्त शहाणपणा करणे. फारे लो शेमो, येड्यासारखं करणे. फाइ इल ब्रावो, पोराला, शहाण्यासारखा वाग. याच साच्यातले दोन वाक्प्रचार आपल्याला जास्त लागतात, एक कारण तो आपल्याला उद्देशून आहे असं वाटतं, दुसरा गोव्याच्या शेजाऱ्यांमुळे. फारे लिन्द्यानो, शब्दशः इंडियन करणे, म्हणजे समजत असून न समजल्याचं सोंग करणे. यातला इंडियन म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी असं सर्वसाधारणपणे मानतात, आपण नव्हे. पण एका मीटिंगमध्ये इटालियन मॅनेजर त्याच्याच माणसावर वैतागून ‘नोन फारे लिन्द्यानो!’ म्हणून ओरडला आणि मग त्याचं लक्ष गेलं की टेबलाभोवती तो आणि ती एक व्यक्ती सोडून बाकी सगळे इंडियन बसलेत. लालबुंद झाला. सगळे माझ्याकडे बघतायत, मॅडम काय म्हणाले? मी म्हणलं काही नाही, त्यांच्या घरचं बोलणं आहे. म्हणजे त्या क्षणी खरं इंडियन मीच केलं.

दुसरा, फारे इल पोर्तोगेझे, पोर्तुगीज करणे, म्हणजे फुकटात, तिकीट न काढता घुसणे. सांगतात असं की अठराव्या शतकात रोममध्ये पोर्तुगालच्या वकिलातीनं एक खेळ ठेवला होता, पोर्तुगीजांना प्रवेश फुकट, तर अर्धं रोम दारावर येऊन ‘मी पोर्तुगीज’ म्हणायला लागलं. म्हणजे फुकटे रोमन आणि बदनाम पोर्तुगीज. गोव्याचे माझे एक विद्यार्थी हे ऐकून म्हणाले, चारशे एक्कावन्न वर्षं आमच्याकडे तरी कुठे तिकीट काढून आले होते.

रोमनांचं नाव अजून एका ठिकाणी येतं, फारे आल्ला रोमाना, म्हणजे हॉटेलचं बिल सगळ्यांत वाटून घेणे. आपलं टीटीएमएमच जवळजवळ, फक्त तिथे सहसा समान भाग पडतात, तू सॅलडच खाल्लंस वगैरे कुणी हिशेब काढत बसत नाही. जेवणातलाच अजून एक मला फार आवडतो, फारे ला स्कार्पेत्ता, ‘छोटा बूट करणे’, म्हणजे ताटात उरलेला सॉस पावाच्या तुकड्यानं पुसून खाणे. आपण पोळीच्या शेवटच्या घासानं रस्सा पुसतो तसंच, आणि आपल्यासारखंच, घरी सगळे करतात, बाहेर केलं तर आई डोळे वटारते. मग फारे इल पोन्ते, पूल करणे, सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवार पण जोडून घेणे. पंचवीस एप्रिल, एक मे, दोन जून हे त्यांचे लाडके पूल. त्या आठवड्यांत इटलीत कुणाला ईमेल पाठवून उत्तराची वाट बघू नका, आणि पंधरा ऑगस्टच्या आसपास तर मुळीच नाही, आपला स्वातंत्र्यदिन म्हणजे त्यांचा फेर्रागोस्तो, अख्खा देश समुद्रावर.

‘घडवणे’ या अर्थानं पण फारे येतं आणि तिथे ते एकदम वजनदार होतं. 1861 साली इटलीचं एकीकरण झालं, त्यावरचं एक वाक्य त्या काळातला राजकारणी मास्सिमो दाझेल्यो याच्या नावावर सांगितलं जातं, फात्ता लितालिया, बिझोन्या फारे ल्यी इतालियानी. इटली घडली, आता इटालियन घडवायला हवेत. यातलं पहिलं ‘फात्ता’ बघा, ‘झाली की’ अशा अर्थानं नुसतं भूतकाळी रूप पुढे टाकलंय. मराठीत ‘एवढं झालं की मग’ म्हणतो त्या जागी. बी-वन नंतर हे लागेल, आत्ता नुसतं ओळखता आलं तरी पुरे. आणि आज्ञार्थ किती जड होऊ शकतो ते बघायचं तर 1980 च्या नोव्हेंबरचं उदाहरण, दक्षिणेत इर्पिनियाला भूकंप झाला, मदत पोचेना, तेव्हा नापोलीच्या ‘इल मात्तिनो’ या वृत्तपत्रानं पहिल्या पानावर भल्यामोठ्या अक्षरात दोनच शब्द छापले, फाते प्रेस्तो. लवकर करा. पुढे अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनं त्या पानावरून चित्रंही केली. तुमच्या पुस्तकातल्या पहिल्या धड्यातले दोन शब्द.

फियाट राहिलं. पुण्याजवळ रांजणगावला त्यांचा कारखाना आहे म्हणून वर्गात हमखास कुणीतरी विचारतं की फियाट पण फारेवरूनच का. गाडीचं नाव ही आद्याक्षरं आहेत, फाब्ब्रिका इतालियाना आउतोमोबिली तोरिनो, कंपनी 1899 ची. पण लॅटिनमध्ये ‘फियात’ असा खराखुरा शब्द आहे, ‘होवो’ या अर्थाचा, फियात लुक्स म्हणजे प्रकाश होवो, आणि लॅटिनमध्ये फाकेरेचं ‘केलं जाणे’ असं रूप हवं असेल तर त्यासाठी याच क्रियापदाची रूपं वापरत. म्हणजे मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवर आपण इतकी वर्षं फारेचं पाहुणं बघत होतो.

परीक्षेच्या दृष्टीनं म्हणाल तर या क्रमानं करा: आधी सहा रूपं आणि ‘फात्तो’, मग रोजचं करणे-काढणे-मारणेवालं, मग फा काल्दो आणि आन्नी फा, मग फाम्मी वेदेरे, फाम्मी सापेरे ही दोन वाक्यं तोंडात बसवा. करवणेचे आ आणि दा लेखी परीक्षेत या लेव्हलला फारसे येत नाहीत, पण तोंडीला एखादं ‘मी सोनो फात्ता ताल्यारे इ कापेल्ली’ सहज टाकलंत तर समोरचा परीक्षक मान वर करून बघेल. फक्त त्या आधी खरंच केस कापून घेतलेले असू देत, पुढचा प्रश्न तोच असतो, कुठे कापले, कितीला.